मऊ असावे, पाणचट नसावे: घरातील ज्येष्ठांसाठी रोजचा स्वयंपाक

घरातील आजी-आजोबांचे जेवण कमी झाले की बहुतेक घरांत एकाच दिशेने बदल होत जातात. वरण पातळ होते, भात गिजगा होतो, भाजीची जागा सूप घेते आणि रात्रीचे जेवण दूध-पोळीवर किंवा चहा आणि दोन टोस्टांवर भागवले जाते. ‘पचायला हलके’ या समजुतीने, मायेपोटीच हे केले जाते. पण त्यात पोट पाण्याने भरते आणि अंगी लागेल असे फारसे काही मिळत नाही. वय वाढते आणि हालचाल मंदावते तशी उष्मांकांची गरज घटते हे खरे असले, तरी प्रथिने, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची गरज घटत नाही. स्नायू झिजत असल्यामुळे प्रथिनांच्या बाबतीत तर ती काहीशी वाढतेच. म्हणून ज्येष्ठांसाठी स्वयंपाक करताना अन्न मऊ करावे, पण ते पाणी घालून विरळ करू नये, हे सूत्र धरून पुढील सर्व सूचना दिलेल्या आहेत.

आधी थोडा हिशेब पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ज्येष्ठांच्या आहाराचा विचार करणारे अनेक तज्ज्ञ हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅम असावे असे सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना साधारण ५० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. आता त्यांच्या ताटात काय असते ते पाहा: एक पोळी, अर्धी वाटी भात, वाटीभर पातळ वरण, चमचाभर भाजी आणि रात्री कपभर दूध. या सगळ्याची बेरीज २० ग्रॅमच्या आसपास येऊन थांबते. हीच बेरीज घरातल्याच जिन्नसांनी पुरी करता येते: दिवसभरात ५० ग्रॅम मूगडाळ किंवा तूरडाळ (सुमारे ११ ते १२ ग्रॅम प्रथिने), पाव लिटर दूध (८ ग्रॅम), वाटीभर दही (३ ते ४ ग्रॅम), ५० ग्रॅम पनीर (९ ग्रॅम), दोन चमचे दाण्याचे कूट (४ ते ५ ग्रॅम) आणि उरलेला भाग पोळी, भाकरी व भात यांतून. अंडे खाणाऱ्या घरात एका अंड्याने ६ ग्रॅमची भर सहज पडते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा हिशेब लागू होत नाही. तेथे प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवून दिले पाहिजे.

सुरुवात निरीक्षणापासून

नवे पदार्थ करायला घेण्याआधी दोन-तीन दिवस ताटात काय वाढले यापेक्षा ताटात काय उरले याकडे लक्ष द्यावे. पोळीच्या कडा उरत असतील तर अडचण दातांची असते, भाजीच्या फोडी चावून बाजूला काढलेल्या दिसल्या तर कवळी सैल झालेली असू शकते, आणि सगळेच थोडे थोडे उरत असेल तर तोंडाची चव गेलेली असते किंवा मन जेवणात नसते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कवळी सैल झाल्यावर खिचडीचे कितीही प्रकार शोधून काढले, तरी दंतवैद्याकडे जाण्याला तो पर्याय ठरत नाही.

आईंना किंवा अप्पांना थेट विचारणे हेही निरीक्षणाचाच भाग आहे. ज्या बाईने पन्नास वर्षे घराचा स्वयंपाक केला, तिच्यापुढे न विचारता दुधीचे सूप आणून ठेवणे म्हणजे तिला आजारी ठरवणे होय. तिला मेथी निवडायला, शेंगा सोलायला किंवा फोडणीची चव पाहायला बसवले, तर दुपारी जेवणाची इच्छा होते; हा अनुभव पुष्कळ घरांत येतो.

खिचडी, वरण आणि त्यांचा दाटपणा

मुगाची मऊ खिचडी हा या स्वयंपाकाचा पाया आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. नेहमीच्या खिचडीत तांदूळ जास्त आणि डाळ कमी असते. येथे दोन्ही सारखे, म्हणजे अर्धी वाटी जुना आंबेमोहोर तांदूळ आणि अर्धी वाटी पिवळी मूगडाळ घ्यावी. डाळ कोरडीच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावी आणि मग तांदळाबरोबर धुऊन अर्धा तास भिजत ठेवावी. पाच वाट्या पाणी, हळद, हिंग, किसलेले आले आणि लाल भोपळ्याच्या किंवा दुधीच्या लहान फोडी घालून कुकरला चार शिट्ट्या कराव्यात, नंतर आच बारीक करून पाच मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. झाकण उघडल्यावर पळीच्या पाठीने किंवा रवीने खिचडी घोटून घ्यावी. तुपात जिरे आणि हाताने चुरडलेला कढीपत्ता घालून वरून फोडणी दिली की कढीपत्त्याची पाने तोंडात येत नाहीत आणि स्वाद मात्र उतरतो.

एवढ्या खिचडीच्या दोन वाढण्या होतात आणि प्रत्येकीत ९ ते १० ग्रॅम प्रथिने असतात. निवल्यावर खिचडी घट्ट होते, तेव्हा सवयीने पाणी ओतले जाते. त्याऐवजी गरम दूध किंवा ताकाची कढी घालून ती सैल करावी. शेवटी वरून चमचाभर साजूक तूप घालावे. हृदयविकारामुळे तूप मोजून घ्यायला सांगितले असेल तर तेवढे पाळावे, परंतु वजन उतरलेल्या कृश माणसाचे तूप केवळ वयामुळे बंद करू नये.

वरणाचेही तसेच आहे. डाळ शिजल्यावर वर येणारे पाणी काढून तेवढेच पाजणे हा प्रकार बंद करावा, कारण प्रथिने खाली बसलेल्या गोळ्यात असतात. डाळ पूर्ण घोटावी आणि ती पळीवरून सावकाश ओघळेल इतकीच सैल ठेवावी. रोज तेच वरण नको असेल तर ताकातले पिठले करावे: चार चमचे बेसन आंबट नसलेल्या ताकात गुठळी न राहता कालवून, हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर सतत ढवळत शिजवले की ते गिळायला सोपे होते. कोकणातल्या माणसांना कुळथाचे पिठले त्याहून प्रिय असते. वालाच्या डाळिंब्या सोलायला वेळ लागतो, पण साल निघाल्यामुळे ती उसळ बोटाने दाबली तरी मोडते आणि दात नसलेल्यांनाही खाता येते. मटकी किंवा अख्खा हरभरा यांच्या बाबतीत तसे होत नाही, म्हणून त्या उसळी शिजल्यावर निम्म्याहून अधिक ठेचून घ्याव्यात.

मेतकूट-भात सगळ्यांना आवडतो आणि तोंडाला चव आणतो, पण चमचाभर मेतकुटातून मिळणारी प्रथिने ग्रॅम-दीड ग्रॅमच असतात. तेव्हा त्या भाताबरोबर वाटीभर दही किंवा घोटलेले वरण असावेच.

मांसाहारी घरांत कोंबडीचा नुसता रस्सा गाळून देण्याची पद्धत आहे. तीही पातळ वरणासारखीच फसवी आहे. मांस मऊ शिजवून, हाडे काढून, बारीक कुस्करून त्याच रश्श्यात परत घालावे. कोकणात आजारातून उठलेल्या माणसाला मुडदुशी ही मासळी आवर्जून देतात. तिचे मांस नाजूक असते, तरीही स्वयंपाकघरात चांगल्या उजेडात काटे काढूनच ती वाढावी.

पोळी, भाकरी आणि भाजी

पोळीची कणीक कोमट दुधात किंवा दूध-पाण्यात थोडी सैल भिजवावी, अर्धा तास मुरू द्यावी आणि पोळी पातळ लाटून, तव्यावरून उतरताच तूप लावून कापडात झाकून ठेवावी. ज्वारीच्या भाकरीसाठी पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळले तर ती मऊ राहते आणि कडा फुटत नाहीत. भाकरी तरीही चावत नसेल, तर कुस्करून घट्ट आमटीत दहा मिनिटे भिजवून द्यावी. अडून न बसता भाकरीऐवजी ज्वारीच्या कण्या शिजवाव्यात किंवा मुगाचे धिरडे करावे. भिजवलेली मूगडाळ आले-जिऱ्यासह वाटून, त्यात किसलेला दुधी घालून केलेले जाडसर, मऊ धिरडे हा सकाळच्या न्याहारीचा उत्तम पदार्थ आहे.

भाज्यांत दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, तोंडली हे प्रकार सहज शिजतात. पालेभाजी बारीक चिरून, देठांचे दोरे काढून शिजवावी. ताकातला चाकवत, डाळ घातलेला पालक आणि अळूचे फदफदे हे मराठी स्वयंपाकातले तयार उपायच आहेत, कारण त्यांत पाला घोटला जातो आणि डाळ, ताक किंवा दाणे आपोआप पोटात जातात. दाणे अख्खे मात्र घालू नयेत, कूटच घालावे. कोशिंबिरीतली काकडी किंवा गाजर कच्चे चावत नसेल, तर लाल भोपळा किंवा गाजर वाफवून, कुस्करून दह्यात भरीत करावे. दह्याच्या जागी चक्का वापरला तर तेवढ्याच चमच्यांत अधिक प्रथिने जातात. पानात लिंबाची फोड असू द्यावी. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतले लोह अंगात अधिक शोषले जाते, आणि चव वाढते ती वेगळीच.

मधल्या वेळा

एका बैठकीत भरपेट जेवण होत नसेल तर तीनऐवजी पाच वेळा थोडे थोडे द्यावे. सकाळी अकराच्या सुमारास नाचणीची आंबील चांगली. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ रात्री अर्धी वाटी ताकात कालवून झाकून ठेवावे. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते मिश्रण ढवळत सोडावे, चकाकी येईपर्यंत सहा-सात मिनिटे शिजवावे, आणि कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड घालावी. नाचणीच्या कॅल्शियमची कीर्ती मोठी आहे आणि ती खरीही आहे, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण वाटीभर आंबिलीत नाचणी जाते जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम सुमारे ७० मिलिग्रॅम. पेलाभर दुधात याच्या तिपटीहून अधिक कॅल्शियम मिळते. तेव्हा आंबील दिली म्हणून दूध-दही वगळू नये.

संध्याकाळी चहाबरोबर खारी-बिस्किटांऐवजी राजगिऱ्याचा लाडू दुधात कुस्करून, मऊ उपमा किंवा तांदळाची ताक घातलेली उकड द्यावी. रात्रीचे दूध-पोळीचे जेवण सुटत नसेल तर सोडायला लावू नये. पोळी नीट चुरावी, दूध आटवून किंवा त्यात दोन चमचे दुधाची भुकटी मिसळून घ्यावे, म्हणजे त्याच वाटीत ५ ग्रॅम प्रथिने जास्तीची मिळतात. मधुमेह असेल तर साखर-गुळाऐवजी वेलची पुरेशी होते.

मीठ आणि तोंडाची चव

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ, ही मर्यादा सांगितली आहे आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण हे सर्व आले. अडचण अशी की वयाबरोबर वास आणि चव यांची जाण मंदावते, त्यामुळे मीठ कमी केले की जेवणच कमी होते. यावर आंबट आणि सुगंधी पदार्थांची मदत घ्यावी: आमसूल, लिंबू, आले, हिंग, ताजी कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अगदी जेवणाच्या वेळी दिलेली तुपाची फोडणी. मीठ सर्व पदार्थांत थोडे थोडे विखुरण्यापेक्षा एखाद्या पदार्थात बेताचे घालून बाकीचे अळणी ठेवले तर जीभ समाधानी राहते. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम बरेच असल्याने हीच काळजी त्यालाही लागू आहे.

तहान लागण्याची जाणीवही वयाबरोबर कमी होते. मागितले तर पाणी द्यायचे असे न करता ठरावीक वेळी पेला हातात द्यावा. रात्री उठावे लागेल या भीतीने पुष्कळ ज्येष्ठ दिवसभर पाणीच टाळतात. त्यांच्यासाठी दिवसाचे बहुतेक पाणी, ताक, कोकम सरबत, सार संध्याकाळी सहापूर्वी संपवण्याची व्यवस्था करावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात द्रवाची मर्यादा घालून दिलेली असेल तर ती पाळावी. बद्धकोष्ठासाठी रात्री भिजवलेले मनुके किंवा अंजीर कुस्करून द्यावे आणि पिकलेली पपई रोज असावी. पाणी पुरेसे नसताना नुसता कोंडा वाढवला तर त्रास वाढतो.

औषधे आणि उपवास

काही औषधांचा जेवणाशी थेट संबंध असतो, म्हणून गोळ्यांची यादी स्वयंपाकघरातही लावून ठेवावी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन चहा-दूध निदान अर्धा ते एक तासाने घ्यायचे असते, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची असते. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते. तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे असते, कारण एका आठवड्यात भरपूर मेथी-पालक आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असे झाले की औषधाचा मेळ बिघडतो. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ब-१२ ची कमतरता होण्याचा धोका अधिक असतो. त्याची तपासणी करून घ्यावी, कारण ही उणीव फक्त स्वयंपाकातून भरून निघणे कठीण असते.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना संकष्टी किंवा एकादशीला दिवसभर काही न खाता राहणे धोक्याचे असते. श्रद्धेचा प्रश्न असल्यामुळे येथे वाद घालण्यापेक्षा उपवासाचे पान सुधारणे बरे. साबुदाण्यात जवळजवळ नुसते पिष्ट असते. त्याऐवजी मऊ भगर, दाण्याची घट्ट आमटी, राजगिऱ्याची दुधातली लापशी आणि दही असे पान वेळेवर वाढावे, आणि त्या दिवशी औषधाची मात्रा काय ठेवायची हे आधीच विचारून घ्यावे. भगर व तिचे पीठ दमट हवेत बुरशीमुळे खराब होऊन विषबाधा होऊ शकते. म्हणून बांधीव पाकिटातली, मुदतीतली भगर थोडीच आणावी आणि पीठ लागेल तेवढेच घरी दळावे.

गिळताना ठसका लागत असेल तर

जेवताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा-ओलसर होणे, घास गालात साठून राहणे ही केवळ म्हातारपणाची लक्षणे समजून सोडून देऊ नयेत. गिळण्याची क्रिया बिघडली की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि विशेषतः पक्षाघातानंतर किंवा कंपवातात हे घडते. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि कोणता दाटपणा योग्य ते वाक्-उपचारतज्ज्ञांकडून समजून घ्यावे. अशा व्यक्तीला पाण्यासारखे पातळ पदार्थ दाट पदार्थांपेक्षा अवघड जातात, हे ऐकून घरच्यांना नवल वाटते. पातळ दुधात तरंगणारे पोळीचे तुकडे, ताकातले पोहे असे द्रव आणि घन एकत्र असलेले पदार्थही अवघडच, तसेच कोरडे चुरमुरे आणि टाळूला चिकटणारे मोदकही. एकजीव घोटलेले, चमच्यावर टिकणारे अन्न सोपे जाते. पाठ सरळ ठेवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान चमच्याने आणि टीव्ही बंद ठेवून भरवावे, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये.

उरलेल्या अन्नाबाबत कडक राहावे. शिजवलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला तर त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, म्हणून सकाळच्या भाताला संध्याकाळी फोडणी देण्याची सवय निदान ज्येष्ठांच्या ताटापुरती सोडावी. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा, दुसऱ्या दिवशी वाफाळेपर्यंत गरम व्हावा आणि एकदाच गरम व्हावा.

या सगळ्याचा उपयोग होतो आहे की नाही हे वजनकाट्यावर कळते. महिन्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. काटा नसेल तर बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या आहेत का, अंगठी गळते आहे का, पायजम्याची नाडी पूर्वीपेक्षा आत बांधावी लागते का, हे पाहावे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोंहून अधिक वजन उतरले, तर आणखी एखादी पाककृती शोधत न बसता त्या नोंदी आणि गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे.